पहिल्या फोनचं वजन

फोन पुन्हा पडला. पलंगाच्या कडेवर आपटून तो खाली गेला आणि बायकोने तो पायानेच हळूच पलंगाखाली सरकवला. दारात उभ्या असलेल्या डिझायनरने ते पाहिलं.

"असा नाही गं धरायचा," तो म्हणाला. "तळहातात बसव. तसाच केलाय तो."

"हो," ती म्हणाली.

फोन उचलायला वाकताना त्याच्या कमरेत कळ आली. कडेवर नवा ओरखडा उमटला होता. त्याचं नाव जगभर झालं ते याच फोनमुळे. कारखान्यातून निघालेला पहिला नग त्याने बायकोला दिला होता आणि ती आजवर तोच वापरत होती. पुढचे फोन तिला जमले नाहीत. दुसऱ्या कंपनीचा घरात आणावा, तर त्याचीच बातमी झाली असती.

उद्या त्याच्या कंपनीची माणसं हा पहिला फोन न्यायला येणार होती. त्यांनी डिझायनरच्या नावाचं दालन बांधलं होतं. मधोमध काचेची पेटी, पेटीत हा फोन आणि मागच्या भिंतीवर कुणा समीक्षकाचं जुनं वाक्य: 'हातात घेताच विश्वास बसतो.' ते वाक्य डिझायनरने इतक्यांदा ऐकलं होतं की आता त्याला त्याचा नुसता थकवा यायचा. उद्घाटनाला पुन्हा हसावं लागणार होतं. तेच भाषण पुन्हा करावं लागणार होतं.

त्याच्या खिशातला फोन वाजला. मुलीचा होता.

"बाबा, एकटे आहात का?"

"थांब, बाहेर येतो. बोल."

"आई रागावलीय का माझ्यावर?" तिचा आवाज बसला होता. नवऱ्याचं घर सोडून ती नुकतीच वेगळी राहायला लागली होती. "दोन वाक्यं बोलते आणि फोन ठेवते. परवा मी रडत होते, बाबा. तिने मधेच ठेवून दिला. नंतर तिचा आला, तो मी उचललाच नाही. तिला माझं वागणं पटलं नसेल, तर तसं सांगू दे. मी परत त्रास देणार नाही."

"मी विचारतो तिला," तो म्हणाला.

तो आत आला. बायको खिडकीशी बसून उजवं मनगट चोळत होती.

"लेकीशी नीट का बोलत नाहीस? तिने घर सोडलं म्हणून?"

"काहीतरीच काय. आधीच सोडायला हवं होतं."

"मग परवा ती रडत असताना फोन का ठेवलास?"

बायकोचा हात थांबला. "ठेवला नाही. पडला. पडला तो बंदच झाला. हल्ली कानाशी धरला की हात भरून येतो, बोटं सुटतात."

"तिला तसं सांगायचंस."

"तिच्या रडण्यात माझं मनगट कुठे घालू मधेच?"

"मग स्पीकर लावायचा."

"स्पीकर लावला की तुम्ही ऐकता. ती निम्मं तुमच्याबद्दलच बोलते."

डिझायनर तिच्यासमोर बसला. "निदान मला तरी सांगायचंस, फोन जड होतोय म्हणून."

"तुम्हाला काय सांगायचं? सगळं जग त्याच्या वजनाचे गोडवे गातंय. मला वाटलं, माझाच हात कमी पडतोय."

तो उठला आणि कपाटातून बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला.

"अहो, उद्या न्यायला येणार आहेत ना? मोडून ठेवाल."

"मोडू दे."

एक स्क्रू टेबलाखाली पळाला, तो त्याने शोधलाही नाही. झाकण निघालं. बॅटरीच्या मागे बोटभर लांबीची जाड पोलादी पट्टी होती. तिला एकही तार जोडलेली नव्हती. नखाने उचकटून त्याने ती टेबलावर टाकली. चांगलाच जड आवाज झाला.

"हे काय?"

"पट्टी."

"कशाला लागते?"

"कशालाच नाही." त्याने डोळे चोळले. "फोन तयार झाला तेव्हा फारच हलका झाला होता. लोक हातात घ्यायचे आणि म्हणायचे, खेळणं वाटतंय. खेळण्याला एवढी किंमत कोण देणार? म्हणून ही घातली."

"आणि पुढच्या फोनांत?"

"सगळ्यांत."

बायको पट्टीकडे बघत राहिली. ती चिडेल असं त्याला वाटलं. चिडली असती तर बरं झालं असतं. पण त्याने झाकण परत लावल्यावर तिने फोन उचलला, कानाशी नेला, खाली आणला, परत कानाशी नेला.

"लावून द्या तिला," ती म्हणाली.

मुलीने लगेच उचलला. बायको बोलत बोलत आतल्या खोलीत गेली आणि तिने कोपराने दार लोटून घेतलं. डिझायनर बाहेर बसून राहिला. दाराआडून आधी नुसती कुजबुज येत होती. बऱ्याच वेळाने बायको मोठ्याने हसली. ती आपल्यालाच हसत असावी, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची दोन माणसं आली. पांढरे हातमोजे, सोबत आतून मखमल लावलेली पेटी. आतल्या खोलीचं दार पुन्हा लोटलेलं होतं आणि बोलणं चालू होतं.

डिझायनरने पोलादी पट्टी पुसली आणि मखमलीवर ठेवली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "साहेब, आम्ही पहिला फोन न्यायला आलोय."

"लोकांचा विश्वास बसला तो यावर," डिझायनर म्हणाला. "हे काचेत ठेवा. फोन घरात लागतो."