नेहमीसारखी

“तुम्ही नेहमीसारख्या वागत नाही आहात, हे ओळखणारं घरात कोण आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

धाकटीने आठवून बघितल्यासारखं केलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तिच्या वागण्याची सवय होती ती फक्त भिंतींना, आणि भिंतींना फॉर्मवर सही करता येत नाही.

तिच्याच रक्तातून काढलेल्या पेशींना प्रयोगशाळेत कॅन्सर ओळखायला शिकवलं होतं. आता त्या गोठवलेल्या पिशवीत, परतायची वाट बघत होत्या. पण अंगात सोडल्यावर काही दिवस डोकं भरकटू शकतं, बोलणं बदलू शकतं. सोबतीला ओळखीचं माणूस नसेल, तर उपचार नाही.

शेवटी तिने थोरल्या जाऊबाईंना फोन लावला. सासूबाईंच्या शिलाई मशीनवरून दोघींचा अकरा वर्षं अबोला होता. शिवता दोघींनाही येत नव्हतं.

थोरली आली. खुर्ची दाराशी ओढून बसली. “तुझं तिरकं बोलणं मला पाठ आहे. बदललं की कळेल.”

पिशवी पंधरा मिनिटांत रिकामी झाली. चार दिवस दोघी कामापुरतं बोलल्या. पाणी. औषध. पंखा. नर्स रोज शंभरापासून दहा-दहाने उलटं मोजायला लावायची, एक वाक्य लिहून घ्यायची. ताप चढला की थोरली कपाळावर ओला रुमाल ठेवायची आणि परत दाराशी जाऊन बसायची. धाकटी एक वाक्य मनात घोळवत होती. दोनदा ओठांवर आलं, दोनदा गिळलं.

पाचव्या दिवशी ताप उतरला. रुमाल उचलायला थोरली वाकली.

“जाऊबाई, तुम्ही आलात, बरं वाटलं. फार एकटी पडले होते हो मी.”

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने घंटेचं बटण दाबलं ते सोडेचना. “नर्स, लवकर या! ही माझ्याशी गोड बोलतेय!”

नर्स धावत आली. डोळ्यांत टॉर्च मारला. शंभर, नव्वद, ऐंशी, पार दहापर्यंत. मग कागद पुढे केला. धाकटीने लिहिलं: ‘अकरा वर्षांनी गोड बोलावं, तर लोक घंटा वाजवतात.’

नर्सला हसू आवरेना. “अक्षर कालचंच, मोजणी बिनचूक. डोकं अगदी ठिकाणावर आहे यांचं.”

ती गेली. थोरलीने दार लोटलं. दाराजवळची खुर्ची उचलली, पलंगाला टेकवली आणि बसली.

“मग परत म्हण,” ती म्हणाली. “मघाशी घाबरले, नीट ऐकलंच नाही.”