वीज पोचलेला पाडा

माझ्या पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यावर कोळ्याने जाळं विणलं, तेव्हा मी तालुक्याचं वीज कार्यालय गाठलं.

"साहेब, आमच्या पाड्यावर खांब आहेत, तारा आहेत, पण सहा महिने वीज नाही."

साहेबांनी कागद पुढे सरकवला. "वीज मिळाल्याची ही सही तुमचीच ना?"

माझीच. उद्घाटनाला दिवा लागला, तेव्हा हौसेने सगळ्यांत आधी मीच केली होती. हौस नडली. सरकारी वीज स्वस्त म्हणून आम्ही सोलरवाल्या दिगंबरभाऊंची वीज तोडली. ती महाग होती, पण रोज होती. ते पॅनल घेऊन गेले आणि पंधरवड्यात सरकारी वीजही गेली.

तिथूनच त्यांना फोन लावला. "भाऊ, म्हणाल तो दर देते. परत या."

"ताई, सरकारी तार आलेल्या गावात मी धंदा करत नाही. उद्या स्वस्त वीज सुरू झाली, तर माझी पुन्हा तोडाल."

चार दिवसांनी वीज कार्यालयाची गाडी पाड्यावर आली. मी पट्टा पुसून उभी राहिले. त्यांनी प्रत्येक खांबावर पत्र्याची पाटी ठोकली आणि गाडी वळवली.

पाटीवर लिहिलं होतं, "सावधान! विद्युत प्रवाह चालू आहे."