पाटाच्या तोंडाचे झाड

परातीवरचे फडके उचलण्याआधीच वासाने इद्दरला कळले. ओल्या लाकडाचा, कोवळ्या बदामाचा तो वास. लहानपणी पाहुण्यांच्या पंक्तीबाहेर उभे राहून घेतलेला.

त्याच्या वडिलांनी, हम्मूंनी, परात चटईच्या मधोमध ठेवली. खजुरीचा गाभा. दुधासारखा पांढरा, पातळ चिरलेला, कडेला मधाची वाटी. गाभा काढला की झाड मरते; म्हणून मोरोक्कोतल्या या फिगीगच्या मळ्यांत घरच्या माणसांसाठी तो कुणी काढत नाही. दुरून आलेल्या पाहुण्यासाठी काढतात, तोही फळ न धरणाऱ्या नर झाडाचा, नाहीतर वादळाने पाडलेल्याचा.

"कुठलं झाड पडलं?" इद्दरने विचारले. आठवडाभर वारा सुटलाच नव्हता.

"पडलं नाही," हम्मू म्हणाले. "पाटाच्या तोंडाशी होतं ते."

इद्दरचा हात परातीवर थबकला. पाटाच्या तोंडाशी एकच झाड होते. तो जन्मला त्या दिवशी हम्मूंनी लावलेले. साऱ्या गावात त्याला इद्दरची खजुरी म्हणत. ज्या वर्षी तो फ्रान्समधल्या लिऑनहून आला नाही, त्या वर्षीही तिचा पहिला घड कुणा ना कुणाच्या सामानातून त्याच्यापर्यंत पोचला होता. आज सकाळी मुलीला बाजार दाखवायला तो गेला, आणि मागे करवत चालली.

मळा विकू, घराला कुलूप घालू, तुम्ही आणि यम्ना माझ्याकडे चला: एवढेच सांगायला तो या खेपेस आला होता. रोज सकाळी ते वाक्य तो जुळवी आणि रोज संध्याकाळी गिळून टाकी. काल मात्र मळ्याच्या भिंतीपाशी उभे राहून त्याने ते फोनवर बायकोला ऐकवले. गिऱ्हाईक मिळालं आहे, म्हाताऱ्याला सांगणं तेवढं राहिलं आहे. फ्रेंचमधून, निर्धास्त, हम्मू हाकेच्या अंतरावर घड बांधत असताना.

चहा ओतता ओतता त्याची बहीण यम्ना मान वर न करता म्हणाली, "फ्रेंच बोललं की भिंतीला कळत नाही, असं वाटलं का रे तुला? उमेदीची सगळी वर्षं फ्रान्सच्या खाणीत काढलीयत बाबांनी. फ्रेंच शिव्यांसकट येते त्यांना."

"यम्ना," हम्मू हलकेच म्हणाले, "पाहुण्यासमोर भांडू नये."

हम्मूंनी सर्वांत कोवळा काप निवडला, मधात बुडवला आणि आपल्या हाताने इद्दरपुढे धरला, जसा पहिला घास पाहुण्याला देतात. इद्दरने तो घेतला. गोड होता. दुसऱ्या कापाला त्याने हात लावला नाही.

त्याच्या मुलीला, इनेसला, मात्र तो आवडला. लिऑनमध्ये वाढलेल्या त्या पोरीने भराभर आपला वाटा संपवला, बोटे चाटली आणि मोडक्यातोडक्या घरच्या बोलीत विचारले, "आजोबा, आणखी आहे?"

हम्मूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "नाही गं राणी. एका झाडात एकच असतो."

बाहेरून शेजाऱ्याची हाक आली. त्याचे भिजवून झाले होते, पाण्याची पाळी आता यांची होती. हम्मू गुडघ्यावर हात टेकून उठले. इद्दर उठू लागला, तेव्हा त्यांनी हातानेच त्याला बसवले आणि कुदळ घेऊन ते मागच्या दाराने मळ्यात गेले.

उघड्या दारातून इद्दर पाहत राहिला. पाटाच्या तोंडाशी पोचताच, जन्माच्या सवयीने, त्यांनी पहिल्या आळ्याचा मातीचा बांध फोडला. पाणी आत वळले, सकाळी कापलेल्या खजुरीच्या बुंध्याभोवती फिरले, भुशाचे पांढरे कण वर आले. कुदळ उचलून बांध पुन्हा घालायला हम्मू वाकले. आणि तसेच थांबले.

आळे काठोकाठ भरेपर्यंत ते तिथेच उभे होते.