शेजारच्यासारखं जुनं

यशोधन वकिलांनी लेकीसाठी नवंकोरं प्लेस्टेशन आणलं, तरी जुईली रोज शेजारच्या किशोरकाकाकडे त्याच्या जुनाट प्लेस्टेशनवर खेळायला पळायची. भिंतीपलीकडून तिचं खिदळणं ऐकू आलं, की वकिलांच्या पोटात दुखायचं. शेवटी अकोल्याला जाऊन त्यांनी अगदी तसंच जुनं शोधून काढलं. दुकानदार हसला, "साहेब, लोकं हे विकून राहिले, अन् तुमी घेऊन राहिले?" संध्याकाळी अमरावतीत परतून बापलेक खेळायला बसले. वकील पहिल्याच डावात सपशेल हरले. जुईलीने जरा वाट पाहिली आणि उठून चपला घातल्या. "आता काय राहिलं?" "पप्पा, हरल्यावर किशोरकाका कान धरून उठाबशा काढतात. तुम्ही कुठले काढणार!" वकील उठले. मग त्यांनी किशोरच्या घराकडची खिडकी सताड उघडली, कान धरले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात उठाबशा मोजायला सुरुवात केली.