उतरलेली गिटार

"दादा, तुझी गिटार उतरलीय," धाकटा भाऊ रोशन कणकवलीहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला, आणि विश्वनाथचा हात तारांवरच थांबला.

त्यांच्या वडिलांचं, भजनी बुवांचं, आज वर्षश्राद्ध. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं घर ते. बापाच्या नावाने पहिला गजर थोरल्यानेच धरायचा, मग बाकीच्यांनी उचलायचा, असा रिवाज. पण थोरला पडला सौदीत, अल-खोबरच्या कॅम्पात. प्लांटचं शटडाऊन, रजेचं नाव काढलं की साहेबाचं तोंड वाकडं. मग ठरलं, तिथूनच वाजव.

उतरलीय म्हणे! बुवांची पेटी जन्मभर जरा खालीच बोलायची. विश्वनाथने पोरवयात गिटार लावली ती तिच्यावरून, आणि तोच सूर कानात घेऊन तो विमानात बसला. शुक्रवारी तो साहेबलोकांच्या कंपाउंडात ब्लूग्रास वाजवायला जातो, अमेरिकेतल्या डोंगरी लोकांचं ते धावतं संगीत. तिथला बँजोवाला आधी कुरकुरला, सूर मोजायचा ट्यूनर दाखवून झाला, शेवटी हात टेकले आणि आपल्या बँजोचाच सूर त्याने खाली उतरवला. परका माणूस ऐकतो आणि घरचंच ऐकेना, याला काय म्हणावं?

"बुवांच्या पेटीला लावलीय ती," विश्वनाथ म्हणाला.

रोशन जरा चाचरला. मग सांगून टाकलं त्याने. गणपतीच्या आधी पेटी दुरुस्त करून घेतली, आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या सगळ्या नव्या बसवल्या, आता अगदी ट्यूनरबरहुकूम बोलते. बारीला, भजनाच्या सामन्यात, लोक हसायचे ना.

 बाप गेला तेव्हा विश्वनाथला पोचता आलं नव्हतं. तेव्हाही त्याला एवढं रडू आलं नव्हतं. तिकडे मंडळी खोळंबलेली. त्याने बाहीने डोळे पुसले आणि तार चढवायला खुंटी धरली.

"हात लावू नको रे तिका," आई म्हणाली. आनंदीबाई इतका वेळ रोशनच्या मागे भिंतीला टेकून बसली होती. "तो सूर आता तुझ्याकडेच उरलो."

रोशनने पेटीचा भाता मिटला. विश्वनाथने गजर धरला, तसाच, खालच्या सुरात. पलीकडून साथीला नुसते टाळ आले, नेटमुळे अर्धी मात्रा मागून.