बाईंचा दुसरा कप्पा
सामाईक प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये माणशी एकच कप्पा असायचा, पण संशोधक बाईंनी तीस वर्षांत दोन अडवले होते. दुसऱ्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आज मात्र अजून कप्पा न मिळालेली नवी मुलगी आधीच्या प्रयोगशाळेतल्या वर्षभराच्या मेहनतीचे नमुने बर्फाच्या डब्यात घेऊन उभी होती आणि बर्फ वितळत होता. "बाई, तुमच्याकडे थोडी जागा..." ती रडवेली झाली. "रडतेस कसली? सरक!" बाईंनी हातमोजे चढवून दुसरा कप्पा ओढला, कुपीवरचं हिम पुसलं. कुपी कोरी. पुढचीही कोरी. कधीतरी सांडलेल्या स्पिरिटनं शाईतली सगळी नावं धुऊन नेली होती. "कशाचे नमुने आहेत हे?" मुलीनं विचारलं. "देव जाणे! यांच्यासाठी मी तीन साहेबांशी भांडले." बाईंना हसू फुटलं, डोळेही भरले. मग त्यांनी अख्खा कप्पा कचऱ्यात उपडा केला. "भर पटकन! आणि नावं पेन्सिलीनंच लिही."