दुखवट्याच्या घरातली कढई

"अजून एक हात द्या लागते भिंतीले," बयनाबाई म्हणाल्या. "मंग चहा."

चंदाने चुन्याची बादली पुन्हा उचलली. पहाटेपासून ती राबत होती आणि नाताळ अजून चार दिवसांवर होता. खांदे भरून आले होते. सासूने मात्र सुनेला दम खाऊ द्यायचा नाही असंच ठरवलेलं दिसत होतं.

खरं तर यंदा या घरात काहीच व्हायला नको होतं. नेरडीगोंड्याजवळच्या या गावात ख्रिस्ती घरं चार-पाचच, पण रीत सगळी पाळतात. ज्या घरात माणूस गेलं, तिथं वर्षभर दारावर नाताळची चांदणी लागत नाही, कढई चढत नाही, लग्नकार्याची गोष्ट निघत नाही. फराळ येतो तो शेजारच्या ताटांतून. वर्ष सरलं की घरची कढई चढते, चार लोक खातात आणि दुखवटा सुटतो. विनय मार्चमध्ये गेला, हायवे ओलांडताना. बयनाबाईंचा एकुलता एक मुलगा, चंदाचा नवरा.

तरी डिसेंबरच्या पहिल्याच रविवारी बयनाबाईंनी दारावर कागदी चांदणी टांगली. शेजारच्या विमलबाई तोंडावरच बोलल्या, "वरीस नाई झालं, बाई. काऊन एवढी घाई?"

"माह्या घरचा सण मी पाहून घेईन," बयनाबाई म्हणाल्या आणि रवा चाळू लागल्या.

चंदाला आधी राग आला होता. आता रागवायलाही त्राण नव्हतं. शिवाय तिने एक गोष्ट पोटात दडवली होती. जवळच्या बोथ गावच्या शाळेत शिकवणारा भारत, विनयचा मित्र, याने दिवाळीनंतर तिला सरळ लग्नाचं विचारलं होतं. चंदा आठवडाभर रडली आणि मग हो म्हणाली. पण ते म्हातारीला सांगायचं कसं? सुनेवाचून तिला होतं कोण? नाताळाआधी पास्टर घरोघर प्रार्थनेला येतात. आज ते इथे यायचे होते. मनात चोरी ठेवून प्रार्थनेला बसायचं चंदाच्या जिवावर आलं होतं.

दुपारी करंज्या तळताना तिने धीर केला. "आत्याबाई, एक सांगाचं होतं."

"तेल पाय आधी. करंज्या करपतीन."

थोड्या वेळाने पुन्हा. "आत्याबाई, जानेवारी लागला की..."

"जानेवारीचं जानेवारीत पाहू. दोन डबे भर."

"दोन? खाईन कोण?"

"लागतीन."

चंदाला रडूच फुटलं. "त्यायले जाऊन नऊ महिने झाले. अन् तुमी गोडधोड करून राह्यल्या. तुमाले कायीच वाटत नाई का?"

बयनाबाईंचा झारा थांबला. मुलगा गेल्यापासून त्या सुनेसमोर एकदाही रडल्या नव्हत्या. आताही रडल्या नाहीत.

"वाटते," त्या म्हणाल्या. "तोंड धू. नवी साडी नेस."

चंदाला स्वतःचीच लाज वाटली. या बाईला एकटी टाकून जायचं? छे. भारतला नाही म्हणून कळवायचं, असं तिने तोंड धुताना ठरवून टाकलं. ठरवल्यावर फार दुःखही झालं नाही. फक्त कुठेतरी आडवं व्हावंसं वाटलं.

संध्याकाळी पास्टर आले. गाणं झालं, प्रार्थना झाली, विनयचं नाव घेतलं गेलं. ताट फिरलं तेव्हा विमलबाईंनीही एक करंजी उचलली.

"चांदणी लागली, कढई चढली, चार लोकायनं खाल्लं," बयनाबाई म्हणाल्या. "आता या घरचा दुखवटा सुटला ना, पास्टर?"

"सुटला, बाई."

"मंग वही काढा. रविवारी चर्चमंदी लग्नाची नावं वाचाची हायेत. बोथच्या भारतचं अन् आमच्या चंदाचं." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "त्यानं आधी मलेच पुसलं होतं. मी हो म्हणलं, मंग तुह्याकडं आला."

पास्टर चंदाकडे बघत थांबले. तिने मान डोलावली.

पास्टरांनी वहीत दोन नावं लिहिली. "भारतकडून त्याचे वडील," ते म्हणाले. "चंदाकडून कोणाचं नाव लिहू?"

"माहं लिहा," बयनाबाई म्हणाल्या, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले. "पोरीची माय म्हणून."